फटफटीची पाठशुद्धि

टीकाकारानें आपली लेखणी ग्रंथ, नाटक, चित्र आणि गायन यांपुरती राखून ठेवावी, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. सुताराचें, लोहाराचें किंवा फिटराचें काम कितीहि उत्तम असलें तरी त्याची पारख गिऱ्हाइकानें करावी, तो टीकाकाराचा प्रांत नव्हे, अशी समजूत. परंतु सुशिक्षित घरांतून अलीकडे जो एक छंद पसरला आहे त्यामुळें हा संकेत मोडणें भाग पडतें. पन्नास-साठ वर्षांपूर्वींची मोटारसायकल शोधून आणावी किंवा घरच्याच गोठ्यांतून बाहेर काढावी, पडवींत तिचा एक एक भाग सुटा करून मांडावा, आणि वर्ष-दोन वर्षें सुट्टीचे दिवस खर्चून ती पुनः चालती करावी, असा हा छंद आहे. हें काम करणारा मनुष्य पदोपदीं निवड करीत असतो. हा भाग ठेवावा कीं टाकावा, हा रंग द्यावा कीं तो, टाकीवरचा हा पोचा काढावा कीं राहूं द्यावा? अशी निवड ज्या कामांत आहे त्यांत अभिरुचीचा प्रश्न येतोच, आणि अभिरुचीचा प्रश्न आला म्हणजे टीकाकाराला बाहेर उभें करतां येत नाहीं.

या छंदाचे उपासक दोन पंथांचे आहेत. एक जीर्णोद्धारपंथी : गाडी कारखान्यांतून निघाली तशी करावयाची, हें त्यांचें ब्रीद. दुसरे रूपांतरपंथी : जुन्या गाडीचा सांगाडा घेऊन तिला आपल्या कल्पनेचें रूप द्यावयाचें, हें यांचें. दोन्ही पंथ एकमेकांना पाखंडी समजतात. योगायोग असा कीं दोहोंचे नमुने आम्हांस एकाच घरांत पाहावयास मिळाले. बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांतील जानेफळ या गांवीं हें घर आहे. थोरला भाऊ आमचा जुना विद्यार्थी. त्यानें वडिलांच्या 'जावा' गाडीचा जीर्णोद्धार केला. धाकट्यानें एका जुन्या 'बुलेट'चें रूपांतर केलें. नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. टीका कृतीची आहे.

मुलुखाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण गाड्यांचें मोल त्यावांचून कळणार नाहीं. घाटावरचा हा प्रदेश कापूस, तूर आणि आतां सोयाबीन यांवर जगतो. जमीन काळी, पावसाळ्यांत पायाला धरून ठेवणारी. अशा ठिकाणीं मोटारसायकल हें हौसेचें वाहन कधींच नव्हतें. बैलगाडीचा जो दिवसभराचा पल्ला तो तिनें एका सकाळीं आटोपला. शिक्षक, दूधवाले, अडते आणि पुढें पुढें चार पैसे गांठीं असलेले शेतकरी यांच्या दारीं 'राजदूत', 'जावा', 'येझदी' आणि 'बुलेट' या गाड्या आल्या, आणि त्या सर्वांना मिळून लोकांनीं आवाजावरून एकच नांव दिलें : फटफटी. हें नांव कोणत्याहि कंपनीच्या जाहिरातींत नाहीं, तरी तेंच टिकलें.

'जावा' या नांवाचा आग्नेय आशियांतील बेटाशीं कांहीं संबंध नाहीं. फ्रांतिशेक यानेचेक या झेक कारखानदारानें १९२९ मध्यें 'वाँडरर' या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले, आणि दोन्ही नांवांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून हें नांव तयार झालें. झेक उच्चार 'यावा' असा आहे. आपण त्याचें 'जावा' केलें. इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीनें म्हैसूर येथें १९६१ पासून ही गाडी बनविण्यास आरंभ केला. सत्तरीच्या दशकांत तीच, इराणांतील यज्द नगराच्या नांवावरून, 'येझदी' झाली. १९९६ मध्यें कारखाना बंद पडला. 'जावा' हें नांव २०१८ मध्यें बाजारांत पुनः आलें, परंतु तीं यंत्रें फोर-स्ट्रोक, सर्वस्वीं निराळीं. आमच्या विद्यार्थ्याची गाडी जुन्या म्हैसुरी घराण्यांतली. त्याच्या वडिलांनीं, ते प्राथमिक शाळेंत शिक्षक होते, ती अकोल्याहून वापरलेली म्हणून घेतली. सुमारें तीस वर्षें ती चालली, आणि पुढें पंधरा वर्षें गोठ्यांत कडब्याच्या पेंढ्यांआड पडून राहिली.

आतां त्याच्या कामाकडे वळूं. प्रथम एंजिन, कारण तेथें आम्हांस नि:संकोच स्तुति करावयाची आहे.

टू-स्ट्रोक एंजिन दिसावयास साधें असतें. त्यांत झडपा नाहींत, कॅम नाहीं. हलणारे मुख्य भाग पाहिले तर पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, एवढेच. परंतु हा साधेपणा फसवा आहे. येथें क्रँककेस म्हणजे नुसती पेटी नव्हे. तो लोहाराचा भाता आहे. पिस्टन वर जातो तेव्हां पेट्रोल व हवा यांचें मिश्रण त्यांत ओढलें जातें, आणि पिस्टन खालीं येतो तेव्हां तें दाबलें जाऊन सिलिंडरांत चढतें. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंचीं रबरी सीलें सुकलीं कीं भात्याला भोंक पडलेंच. बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें, एंजिन तापतें आणि मंद चालीवर टिकेनासें होतें. उतावळा कारागीर अशा वेळीं कारबुरेटरला दोष देतो आणि जेटें बदलीत बसतो. आमच्या विद्यार्थ्यानें कारबुरेटरला हात लावण्यापूर्वीं सीलें बदललीं. ग्रंथाचा अर्थ लागत नसला म्हणजे प्रथम आपली प्रत शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहावें, मग ग्रंथकाराला नांवें ठेवावीं, हा जो वाचनाचा नियम आम्ही वर्गांत सांगत आलों, तो त्यानें पान्यानें पाळला.

या गाडीचा सिलिंडर ६५ मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर, एकूण माप २४८·५ घनसेंटिमीटर. इतक्या वर्षांत भिंती झिजून व्यास लंबवर्तुळ झाला होता. तो कापून पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनीं मोठा मिळणारा पिस्टन बसवावा लागला. क्रँकचें काम याहून नाजूक. ती नट-बोल्टांनीं जोडलेली नसते, दाबानें ठोकून बसविलेली असते. कनेक्टिंग रॉड बदलावयाचा म्हणजे ती प्रेसखालीं उकलावी लागते, आणि पुनः जुळवितांना दोन्ही टोकें एका रेषेंत आलीं कीं नाहींत हें डायल गेज लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पाहावें लागतें. हें काम पडवींत होण्यासारखें नाहीं, आणि सर्व कांहीं स्वतःच्याच हातानें केलें असें म्हणतां यावें म्हणून त्यानें तसा हट्टहि धरला नाहीं. तो तें अकोल्यास एका जाणत्या कारागिराकडे घेऊन गेला. आपली मर्यादा ओळखणें हा हौशी माणसाच्या ठिकाणीं दुर्मिळ असणारा गुण आहे. साहित्यांत तर फारच.

सायलेन्सरांतील काजळी काढणें, पॉइंटांतील फट सुमारें ०·४ मिलिमीटरवर आणणें, सहा व्होल्टांच्या डायनामोचे ब्रश बदलणें, हीं कामें त्यानें घरींच केलीं. पॉइंटांची फट मोजावयास गेज हातीं नसे तेव्हां जुने मिस्त्री सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालून पाहत. हें त्यास गांवांतल्याच एका वृद्ध मिस्त्रीनें दाखविलें. या गाडीची एक खुबी अशी कीं किक मारण्याचा दांडा तोच पुढें गिअरचा दांडा होतो, आणि पायानें तो दाबला कीं क्लच आपोआप सुटतो, हाताला श्रम नाहींत. ही रचना नीट जुळवावयास कठीण, म्हणून कित्येक जण ती निकामीच ठेवतात. त्यानें ती चालू केली. गिअर बदलतांना जो बारीकसा विसांवा येतो तो श्लोकांतल्या यतीसारखा कानाला जाणवतो. एवढ्यानेंच त्याचीं दोन वर्षें सार्थकीं लागलीं असें आम्ही म्हणूं.

मात्र एक बारीकशी गोष्ट आम्हांस खटकली. हँडलच्या पकडींत ढिलाई येऊं नये म्हणून गांवच्या लोहारानें कधीं काळीं तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी घालून ठेवली होती. ती त्यानें काढून फेकली आणि त्या जागीं पुष्कळ पैसे देऊन परगांवाहून नवी पकड मागविली. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकी लेखकाच्या १९७४ मधील प्रसिद्ध ग्रंथांत नेमका असाच प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या मोटारसायकलीचें हँडल सैल झालें असतां निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा घालण्याचा उपाय सुचवितो, आणि मित्राला तो अपमान वाटतो. निवेदकाला दिसतो तो न गंजणारा, मऊ, हवा तितकाच पातळ पत्रा. मित्राला दिसतो तो डबा. पर्सिगचें सारें तत्त्वज्ञान मान्य करण्याची आमची तयारी नाहीं, त्याच्या ग्रंथाचा उत्तरार्ध तर आम्हांस पसरट वाटतो. परंतु या एका प्रसंगांत त्यानें यंत्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टि कायमच्या वेगळ्या करून ठेविल्या आहेत. लोहाराची पट्टी तीस वर्षें टिकली होती. ब्रेक आणि बेअरिंगें यांच्या बाबतींत भावना बाजूस ठेवावी, जुनें तें फेकावें, यांत दुमत नाहीं. ही पट्टी त्या वर्गांतली नव्हती.

पट्टीची गोष्ट लहान. खरा मतभेद गाडीच्या बाह्यांगाविषयीं आहे.

पत्रा पार उघडा करून, लांबी भरून, घासून, त्यावर गर्द किरमिजी रंगाचे थर दिलेले आहेत. टाकीच्या दोन्ही बाजूंस क्रोमची झळाळी, गुडघ्यांशीं नवीं रबरें, नवीं पिवळसर रेघांचीं चित्रें. त्या काळच्या इनॅमल रंगाला आजच्या लॅकरासारखें कांचेचें तेज नसे. तेव्हां म्हैसूरच्या फाटकांतून निघालेल्या गाडीपेक्षांहि ही गाडी अधिक नवी दिसते. हेंहि चालूं शकलें असतें. परंतु या नव्या रूपांत तीन गोष्टी नाहींत. टाकीवर डाव्या अंगास एक पोचा होता तो नाहीं. मागें लोखंडी अँगलचा, दोन पोतीं बियाणें सहज पेलील असा कॅरिअर होता तो नाहीं. आणि मागच्या चाकाच्या डाव्या बाजूस लोहारानें पट्ट्या वांकवून केलेली जाळी होती, जिला शहरांत साडीगार्ड म्हणतात, ती नाहीं. कारण विचारतां विद्यार्थी म्हणाला, "सर, कंपनीच्या चित्रांत यांतलें कांहींच नाहीं." त्याच्या मातोश्री जवळच भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "गाडी तं चांगली झाली. पन आता मी बसू कुठी?"

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं 'मूळ' या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. सारा वाद त्याच शब्दाच्या पोटांत आहे.

मूळ शोधण्याची विद्या आपल्या भाषेला नवी नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढें कोणीं त्यांत आपली भर घालूं नये असें कडक शब्दांत बजाविलें. तरीहि १९०९ मध्यें राजवाड्यांनीं निराळ्या पोथीवरून निराळी ज्ञानेश्वरी छापली, आणि जुनें कोणतें, हा वाद पुनः उभा राहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२५ पासून १९४३ पर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते, आणि १९६६ मध्यें तें पुरें झालें. या आवृत्तीचा एक विशेष सामान्य वाचकाच्या ध्यानांत येत नाहीं. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें ही घरोघरीं माहीत असलेली कथा तिच्या मुख्य संहितेंत नाहीं. मग ती गेली कोठें? ती परिशिष्टांत आहे, शब्दशः, कोणकोणत्या पोथ्यांत आढळते त्या नोंदीसह. संपादकानें जें गाळलें तें फेकलें नाहीं. त्याची जागा बदलली, इतकेंच. उद्यां एखाद्या विद्वानास वाटलें कीं हा निर्णय चुकला, तर पुनर्विचाराचें सर्व साहित्य त्याच ग्रंथांत त्याच्या हातीं आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें एकनाथांची कठोरता घेतली, परंतु सुकथनकरांचें परिशिष्ट घेतलें नाहीं.

आणि याहून खोल एक भेद आहे, त्याकडे जीर्णोद्धारपंथी कधींच पाहत नाहींत. महाभारताची आद्य संहिता आपल्या हातीं नाहीं, म्हणून ती शोधावी लागते. तिच्या शोधांत लेखनिकांचे प्रमाद दूर करणें हें रास्तच. मोटारसायकलीची स्थिति उलट आहे. तिची आद्य संहिता कारखान्यानें हजारों प्रतींत काढलेली आहे. तिचीं चित्रें आहेत, पुस्तिका आहेत, कोठें ना कोठें न बदललेल्या गाड्याहि आहेत. 'जावा' कशी होती हें पाहावयास जानेफळास येण्याची गरज नाहीं. परंतु खरिपाचें बियाणें वाहणारा तो कॅरिअर, आणि शिक्षकाच्या पत्नीनें नऊवारी लुगड्यानें एका अंगाला बसून मेहकरास जावें म्हणून लोहारानें वांकविलेली ती जाळी, या गोष्टी दुसऱ्या कोणत्याहि प्रतींत सांपडावयाच्या नाहींत. लेखनिकाचा प्रमाद तो नव्हता. ती समजून केलेली टीका होती. झेक देशांत आखलेली, म्हैसूरांत घडलेली वस्तु घाटावरच्या एका संसाराला कोठें अपुरी पडते, हें त्या लोहारानें बरोबर ओळखलें होतें. जुन्या पोथीच्या समासांतील टीप खोडून पोथी स्वच्छ केली, असें म्हणणाऱ्या लेखनिकाला आपण काय म्हणूं?

युरोपांत हा वाद इमारतींवरून झाला. रस्किननें १८४९ मध्यें आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत जीर्णोद्धार म्हणजे शुद्ध असत्य असें मत मांडलें. फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्युक यानें नेमकें उलट, इमारतीला जें पूर्णत्व कदाचित् कधींच लाभलें नव्हतें तें देणें म्हणजे जीर्णोद्धार, असें प्रतिपादन केलें. किरमिजी 'जावा' पाहून आम्हांस हा दुसरा पंडित आठवला. रस्किनचा पक्षहि आम्हांस तंतोतंत मान्य नाहीं, कारण पडकी भिंत पाहण्यासारखी असते, पण बंद पडलेली फटफटी म्हणजे केवळ लोखंड. ती चालली तरच ती फटफटी. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेनें इमारतींसाठींच्या १९६४ मधील व्हेनिसच्या सनदेचा आधार घेऊन २०१२-१३ मध्यें तूरीनची सनद तयार केली. तिचा कल असा कीं वाहन वापरांत राहावें, परंतु त्याच्या आयुष्यांतील खुणा आणि जुने बदल हेहि त्याच्या इतिहासाचाच भाग मानावेत. आमचा कौल तिकडे आहे.

आपल्या सरकारचा कौल मात्र कारखान्याच्या चित्राकडे आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तीप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा मोटार मूळ रूपांत राखलेली असेल आणि तिच्या सांगाड्यांत, अंगांत किंवा एंजिनांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिला 'व्हीए' या अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुढें नूतनीकरणास पांच हजार. असा क्रमांक घेतलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती यांसाठीं रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास नाहीं. म्हणजे तिनें मेहकरच्या बाजारास जावयाचें नाहीं. विद्यार्थ्याच्या मनांत हा क्रमांक घ्यावयाचें आहे. दुसरीकडे गंमत अशी कीं १९८९ च्या त्याच नियमावलींत, मागें बसणाराचे कपडे चाकांत गुंतूं नयेत म्हणून मागच्या चाकाच्या निदान अर्ध्या भागाला आडोसा असावा, असें १२३ वें कलम सांगतें. एवंच, कारखान्याच्या चित्रांत जें नाहीं म्हणून जाळी काढली, तें सरकारला पुढें स्वतः होऊन मागावें लागलें. जानेफळच्या लोहाराला तें कायद्यावांचून कळलें होतें.

धाकट्या बंधूच्या 'बुलेट'विषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तींत लिहिण्यासारखें थोडें आहे. 'बुलेट' १९५५ पासून मद्रासेस जुळूं लागली, पुढें तेथेंच घडूं लागली, आणि विलायतेंतील तिचें माहेर बंद पडल्यावरहि आपल्याकडे नांदत राहिली. अशा गाडीचें मागचें मडगार्ड धाकट्यानें ग्राइंडरनें छाटलें, सांगाड्याचें शेपूट कापलें, एकट्यापुरती बैठक केली, मागें रुंद टायर आणि खालीं मोकळा सायलेन्सर लावला. हा वेष अमेरिकी आहे. तिकडील स्वारांनीं वजन कमी करून वेग वाढविण्यासाठीं मडगार्डें छाटलीं. त्याला कारण होतें. जानेफळांत तें कारण नाहीं, उलट न छाटण्यास आहे. आषाढांत काळ्या रानांतून ही गाडी अर्धा कोस न्यावी, म्हणजे मडगार्ड कशासाठीं असतें तें स्वाराच्या पाठीवर चिखलानें लिहिलेलें दिसेल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीच्या दाखल्यांतील मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें स्पष्ट केलें आहे.

याचा अर्थ रूपांतर सर्वथा त्याज्य असा नाहीं. जुन्या कथेवरून नवें नाटक लिहितां येतें. मात्र नाटककारानें त्यावर स्वतःचें नांव घातलें पाहिजे आणि नाटक उभें राहिलें पाहिजे. मुंबईचे अक्षय वर्दे यांनीं मोटारसायकली घडविण्याचा जो कारखाना काढला त्याचें नांवच 'वर्देंची' असें आहे. षष्ठी विभक्तीचें तें नांव आम्हांस फार आवडलें : ही गाडी कंपनीची म्हणून मिरवीत नाहीं, कर्त्याची म्हणून येते, आवडो वा न आवडो, टीका कोणावर करावयाची हें तरी कळतें. आणि खेड्यांतलें रूपांतर तर आणखी वेगळें. नव्वदीच्या सुमारास डिझेलवर चालणारी 'बुलेट' शेतकऱ्यांत प्रिय झाली. ती संथ, धडधडणारी, दिसावयास ओबडधोबड. परंतु डिझेलचा भाव आणि पेट्रोलचा भाव यांतील अंतर हें तिच्यामागचें काव्य होतें, आणि तें खरें होतें. धाकट्याच्या गाडीत गरज नाहीं, आणि कर्त्याचें नांव घालावें अशी स्वतःची कल्पनाहि नाहीं. परदेशी चित्रांतली ओळ जशीच्या तशी उतरून घेतली आहे. कापलेला सांगाडा पुनः पूर्वींसारखा जोडतां येणार नाहीं, हें त्यांतलें सर्वांत वाईट.

वस्तूचें मूळपण तिच्या द्रव्यांत असतें कीं आकारांत, हा ग्रीकांचा जुना प्रश्न. एक एक फळी बदलीत गेलेलें थीसिअसचें जहाज तेंच कीं दुसरें? आपल्याकडे त्याचें एक अलीकडचें उदाहरण घडलें. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २०१४ मध्यें मोडीत निघाली, आणि तिचें कांहीं लोखंड वितळवून बजाजनें २०१६ मध्यें 'व्ही' ही मोटारसायकल काढली. तेथें द्रव्य राहिलें, आकार गेला. किरमिजी 'जावा'त आकार राहिला, द्रव्यहि पुष्कळसें राहिलें. गेला तो त्या दोहोंवर तीस वर्षांत उमटलेला हात. हा हात लोहाराचा, मिस्त्रीचा आणि मालकाचा. त्याचें नांव कोणत्याहि पुस्तिकेंत येत नाहीं, म्हणून तो जपण्याची जबाबदारी घरच्यांवर अधिक.

ही एकाच घराची गोष्ट असती तर तिच्यासाठीं इतकीं पानें आम्हीं भरलीं नसतीं. वऱ्हाडांतील गोठ्यांत आणि परसांत अशा गाड्या अजून पडलेल्या आहेत. कांहीं भंगारवाला किलोच्या भावानें नेतो. कांहीं शहरांतले हौशी लोक शोधीत येऊन बऱ्या भावानें नेतात. ते त्या जपतात हें खरें, परंतु नेल्यावर प्रथम करतात तें हेंच : गांवानें जोडलेलें सर्व काढून टाकणें. पुठ्ठ्यानें पॉइंटांची फट मोजणारा मिस्त्री सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि त्याच्याकडे आतां कोणी उमेदवारी करीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें त्याच्या हाताखालीं दोन वर्षें काढलीं, पण एक ओळहि लिहून ठेविली नाहीं. फोनमध्यें चित्रें आहेत, शेंकडों आहेत. कोणता भाग कोणीं, केव्हां आणि कां बसविला तें चित्रांवरून कळत नाहीं. साधी शंभर पानी वही पुरेशी होती. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावयास जागाहि त्या घरांत हवी तितकी आहे.

टाकीवरचा पोचा गेला तो गेला. कॅरिअर भंगारांत गेला असावा, असें घरचे सांगतात. जाळी मात्र आहे. गोठ्याच्या माळ्यावर ती आम्हीं पाहिली. तिच्या वरच्या बाजूचे दोन बोल्ट मडगार्डांत बसत, आणि तीं दोन भोंकें विद्यार्थ्यानें वेल्डिंग न करतां नुसत्या लांबीनें बुजविलेलीं आहेत. लांबी पत्र्यापेक्षां मऊ असते. ड्रिलच्या दोन फेऱ्यांत ती निघेल, आणि नाण्याएवढा रंग तेवढा पुनः लावावा लागेल.